दिवा चालू, तरी ताट गार: पिकअप काउंटरवरच्या हीट लॅम्पची तीच ती तक्रार

फोन बहुतेक रविवारी रात्री येतो, गर्दी ओसरल्यावर. मागे भांड्यांचा खणखणाट आणि मालकांचा आवाज चढलेला: “अहो, डोक्यावर चार दिवे पेटवलेत, खाली हात धरला तर चटका बसतो, तरी गिऱ्हाईक भाजी गार आहे म्हणून ताट परत पाठवतंय. मोठ्या वॉटचे आणून लावू का?”

हॉटेलांच्या भटारखान्यातली उपकरणं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं रोजचं काम. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: दिव्याला हात लावू नका, आधी भाजीत थर्मामीटर खुपसा.

कारण बहुतेक वेळा दिवा आपलं काम चोख करत असतो. आपणच त्याला न झेपणारं काम सांगितलेलं असतं. पिकअप काउंटरवर, म्हणजे वेटर तयार ताट उचलतो त्या ओट्यावर, टांगलेला हीट लॅम्प अन्न गरम करत नाही. गरम निघालेल्या अन्नाची ऊब थोडा वेळ टिकवतो, तीही वरूनच. त्याचे इन्फ्रारेड किरण अन्नाच्या वरच्या काही मिलिमीटरांतच मुरतात. त्याखाली उष्णता पोचते ती अन्नातून झिरपत, आणि घट्ट भाजीत किंवा भातात ती फार हळू झिरपते. तुमच्या हाताला चटका बसतो, कारण हाताची कातडीही वरचीच असते.

पिस्तूल खोटं बोलतं

हल्ली बऱ्याच ठिकाणी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर दिसतो. लाल ठिपका पाडायचा, आकडा वाचायचा. बेकरीच्या भट्टीसाठी, तव्यासाठी छान वस्तू. पण दिव्याखालच्या अन्नावर हे पिस्तूल रोखलं की ते नेमका तोच भाग मोजतं जो दिव्याने तापवलाय. चकचकीत स्टीलवर रोखलं तर आणखी गंमत: स्टील स्वतः फारसे किरण सोडत नाही, आजूबाजूचे परावर्तित करतं, त्यामुळे आकडा भलताच येतो.

एका ठिकाणी मालकांना पटेना म्हणून त्यांच्यासमोरच करून दाखवलं. पसरट पातेल्यात उकळती डाळ घेतली, काउंटरवर दिव्याखाली ठेवली, चाळीस मिनिटं हात लावला नाही. पिस्तुलाने वरची साय ६६ अंश दाखवली. सुईचा थर्मामीटर दोन सेंटीमीटर आत घातला तर ५४. तळाशी, जिथे पातेलं थंड स्टीलला टेकलं होतं, तिथे ४७. तिथला वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, म्हणाला, “म्हणजे वरनं डाळ आन् खालनं पाणी.” तसंच होतं ते. वेटर डाव तळातून घालून वाढतो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या वाटीत ४७ वालीच जाते.

तेव्हा सुईचा थर्मामीटर घ्या आणि महिन्यातून एकदा त्याची परीक्षा घ्या. ग्लासभर बर्फाचा चुरा, बुडेल इतकं पाणी, ढवळून दोन मिनिटं थांबा: सुईने शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यावरही तपासता येतं, पण गाव विसरू नका. मुंबईत पाणी १०० ला उकळतं, पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरात साधारण साडेपंच्याण्णवला. तिकडच्या एका वस्तादाने चांगला थर्मामीटर ‘पाच अंश कमी दाखवतो’ म्हणून फेकून दिला होता.

कोणता आकडा सांभाळायचा

५ ते ६० अंश हा जंतूंचा सुकाळ. आपल्याकडे एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) केटरिंगची तपासणी यादी गाडीतून नेतानाही गरम अन्न ६५ अंशांवर ठेवायला सांगते. मी सगळ्यांना ६५ च सांगतो. ६० ची रेघ ओलांडायच्या आत हात हलवायला पाच अंशांची सवड मिळते.

गार डाळ चवीला वाईट, एवढंच असतं तर हा लेख लिहिला नसता. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू मटणाच्या, चिकनच्या रश्श्यात असतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात आणि रस्सा ४३ ते ४७ अंशांवर रेंगाळला की त्यांतून निघालेले जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ लागतात. त्या डाळीच्या पातेल्याचा तळ किती अंशांवर होता ते आठवा. भाताचं दुखणं वेगळं. त्यात बॅसिलस सेरियस असतो, आणि त्याचं उलट्या करवणारं विष एकदा तयार झालं की पुन्हा गरम करूनही जात नाही.

यावरून सगळ्यात वाईट सवय आठवली. सकाळची उरलेली भाजी फ्रीजमधून काढायची, ट्रेमध्ये ओतायची आणि दिव्याखाली सरकवायची, ‘होईल तासाभरात गरम’. एफएसएसएआयच्या त्याच यादीत याला स्पष्ट मनाई आहे: बेन मारीत (गरम पाण्यात भांडी बसवून ठेवायच्या पेटीत) किंवा दिव्याखाली ठेवून, किंवा वरून गरम पाणी ओतून अन्न पुन्हा गरम करायचं नाही. पुन्हा गरम करायचं तर शेगडीवर, आतपर्यंत ७५ अंश, आणि त्या तापमानाला निदान दोन मिनिटं. मग हवं तर दिव्याखाली ठेवा. हा क्रम उलटा झाला की दिवा हे जंतू उबवायचं यंत्र होतं.

मग ताट गार का होतं?

पहिला संशयित उंची. उघड्या दिव्याची उष्णता अंतर दुप्पट झालं की साधारण चौथ्या हिश्शावर येते. मागे परावर्तक असला की घट थोडी कमी, लांब पट्टीच्या हीटरची आणखी कमी, पण घट होतेच. बल्बवाल्या दिव्याचं खालचं तोंड अन्नापासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर असावं. आता तुमच्याकडे टेप लावून बघा. माझ्या पाहण्यात सत्तर-ऐंशी सेंटीमीटर सर्रास. का? तर वेटरच्या डोक्याला लागतो, किंवा इंटीरियरवाल्याने समोरच्या लाकडी पट्टीच्या रेषेत टांगलाय. वॉटेज वाढवण्याआधी साखळीच्या दोन-चार कड्या कमी करा. फुकटात काम होतं. डोक्याला लागत असेल तर दिवा काउंटरच्या आतल्या बाजूला, वस्तादाकडे सरकवा. ताट ठेवणारा आणि उचलणारा एका जागी उभे नसतात.

फार खालीही आणू नका. अर्धा फुटावर दिवा आणला की पनीरच्या कडा रबरासारख्या होतात आणि भाताच्या वरच्या शितांचे खडे.

दुसरा संशयित वारा, आणि हा लवकर सापडत नाही, कारण दिसत नाही. किरण हवेतून तसेच पार होतात, हवा तापवत बसत नाहीत. म्हणजे दिव्याखाली कितीही लाल दिसलं तरी भाजीभोवतीची हवा गार असू शकते. त्यात डायनिंग हॉलच्या एसीचा झोत पिकअपच्या खिडकीतून आत येतो, कारण भटारखान्याचा एक्झॉस्ट तो ओढतो. एक्झॉस्ट दांडगा आणि बाहेरून हवा आत यायला दुसरी वाट नाही, की सगळी ओढ त्या खिडकीतूनच. तपासायचं सोपं आहे. उदबत्ती लावा आणि ताटाच्या उंचीवर धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झोपला तर तुमची ऊब एक्झॉस्टबरोबर गच्चीवर चालली आहे, आणि ५०० वॉटचा दिवा लावलात तर तिच्याबरोबर विजेचं बिलही. एसीची जाळी वळवा, खिडकीच्या बाजूंना काचेच्या पट्ट्या लावा, भटारखान्याला ताजी हवा मागच्या दारातून मिळू द्या.

तिसरा संशयित खुद्द ताट. जाड चिनी मातीची प्लेट एसीतल्या कपाटातून निघते ती २४-२५ अंशांवर, आणि ८० अंशांची भाजी तिच्यावर पडली की पहिलं काम ती भाजीतली उष्णता पिण्याचं करते. भाजी कमी आणि प्लेट जड असेल तर दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. प्लेटा आधी गरम ठेवा. प्लेट वॉर्मर घ्यायला हवाच असं नाही. शेगडीवरच्या फळीवर रचून ठेवल्या तरी बऱ्यापैकी फरक पडतो. काउंटरचं स्टील थंडगार असेल तर खालून तापणारी पट्टी लावणं वरचा दिवा वाढवण्यापेक्षा कामाला येतं.

आणि वेळ. दिवा हा पाच-दहा मिनिटांच्या वाटपाहणीचा सोबती आहे: पाच जणांच्या टेबलाच्या चार डिश निघाल्या, पाचवी तव्यावर आहे, तेवढ्यापुरता. ज्या हॉटेलात ताटं वीस-वीस मिनिटं पडून राहतात तिथला बिघाड दिव्यात नसतो, उचलणाऱ्या माणसांत असतो. केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ताट तयार झाल्याची वेळ पेनाने लिहायला लावा, एका रात्रीत कळेल.

थाळीची वेगळी गोष्ट

परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात स्टेक आणि फ्राईजचे फोटो असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर आपलं ताट नसतं. आपल्या ताटात एकाच वेळी ८० अंशांचा रस्सा, गरम भात, दही घातलेली कोशिंबीर, श्रीखंडाची वाटी, पापड आणि लिंबाची फोड. हे सगळं दिव्याखाली सरकवलं की रस्सा थोडा वेळ तरी बरा राहील, पण श्रीखंड पाच मिनिटांत कडेने सुटतं आणि कोशिंबिरीचं दही कोमट होऊन पाणी सोडतं. ते नुसतं वाईट दिसतं असं नाही. थंड ठेवायची वस्तू तुम्ही हाताने ५ ते ६० च्या पट्ट्यात नेऊन बसवली.

उपाय उपकरणाचा नाही, क्रमाचा आहे. दिव्याखाली ताट लागतं ते फक्त गरम पदार्थांचं. दही, श्रीखंड, कोशिंबीर शेजारच्या अंडरकाउंटर फ्रीजमध्ये वाट्या भरून तयार, आणि ताट उचलणारा त्या शेवटी ठेवतो. पापडही तेव्हाच, नाहीतर रश्श्याच्या वाफेने मऊ पडतो. वेटर पहिले चार दिवस विसरतात, पाचव्या दिवशी जमतं.

एक गोष्ट मात्र दिव्याइतकी कुणाला जमत नाही: तळण. बटाटावडा, कांदाभजी, कोथिंबीर वडी, सुरमईची तुकडी. झाकून ठेवलं की वाफ आतच निवते आणि कुरकुरीतपणा जातो. बेन मारीत तर विचारूच नका. उघड्या जाळीवर, एका थरात, दिव्याखाली ठेवलं की वरचा ओलावा उडत राहतो. परातीत डोंगर रचलात तर खालचे वडे घामाघूम होणारच, मग दिव्याला दोष देऊ नका. उलट डाळ, रस्सा, भात, कढी यांच्या पातेल्यांना दिव्याखाली जागाच नको. डाळ, रस्सा आणि भात बेन मारीत झाकण ठेवून, अधूनमधून ढवळून. बेन मारीचं पाणीही ८०-८५ अंशांवर असल्याशिवाय भांडं आत ठेवू नका. कढी मात्र फुटते, ती थोडी थोडीच गरम करा.

बल्ब निवडताना

लाल बल्ब जास्त तापतो हा समज घट्ट रुजलेला आहे. विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझममधून ऊन पाडलं आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर ठेवला. तर तिथेच पारा सर्वांत वर चढला. हीट लॅम्पची उष्णता या न दिसणाऱ्या भागात असते. लाल काच फक्त डोळ्यांवर येणारा झगमगाट कापते. २५० वॉटचा लाल आणि २५० वॉटचा पांढरा, ऊब जवळपास सारखीच. फरक पडतो तो रंगात: लाल उजेडात टोमॅटोची ग्रेव्ही झकास दिसते, पण हराभरा कबाब आणि पालक पनीर काळेठिक्कर. चिकन आतून कच्चं आहे की शिजलंय हेही लाल उजेडात कळत नाही. म्हणून जिथे वस्ताद ताट शेवटचं बघतो तिथे पांढरा लावा. ग्राहकांच्या डोळ्यांसमोर टांगायचे असतील तर लाल चालेल.

‘वीज वाचवायला’ एलईडी लावलेलाही पाहिलाय मी. पितळी टोपी तशीच, उजेड तसाच, ऊब शून्य. मालक महिनाभर वस्तादावर चिडत होते.

अन्नावर टांगायचा बल्ब फुटला तर तुकडे खाली पडू नयेत असा लेपाचा घ्या. या काचेवर टेफ्लॉनच्या जातीचा पातळ थर असतो. काच तडकली तरी पिशवीत राहिल्यासारखी राहते. बाजारात कोंबड्यांच्या पिलांसाठी मिळणारा २५० वॉटचा लाल बल्ब दिसायला तोच आणि स्वस्त, पण त्याला बहुधा हा लेप नसतो. पाण्याचा एक शिंतोडा तापल्या काचेवर पडला की काम तमाम. उलटही लक्षात ठेवा, कारण आमच्याकडे हॉटेलवाल्यांचं पोल्ट्रीशी नातं असतं: लेपाचा जुना बल्ब पिलांच्या शेडमध्ये देऊ नका. तापलेल्या लेपाचा धूर माणसाला जाणवत नाही इतका कमी असला तरी पक्ष्यांना मारतो.

बल्ब सारखे उडत असतील तर तीन जागा बघा. होल्डर: २५० वॉटला चिनी मातीचाच हवा. आपल्याकडे पिनांचे होल्डर जास्त, आणि हे बल्ब आट्यांचे, मग कुणीतरी प्लॅस्टिकचा कन्व्हर्टर बसवतं. तो आधी पिवळा पडतो, मग वास येतो, मग एक दिवस दिवा भाजीत. व्होल्टेज: उशिरा रात्री आजूबाजूचा भार कमी झाला की व्होल्टेज चढतं, आणि फिलामेंटच्या दिव्याचं आयुष्य ५ टक्के जादा व्होल्टेजनेही जवळपास निम्मं होतं. बल्बवर किती व्होल्ट छापलंय ते वाचून घ्या. नातेवाइकाने अमेरिकेहून हौसेने आणलेला १२० व्होल्टचा बल्ब आपल्या २३० वर एकदाच चमकतो. तिसरी जागा हादरे: त्याच काउंटरवर कोबी चिरायचा सुरा ठकठक चालत असेल तर फिलामेंट टिकणार नाही.

उजेड कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. तो पंख्याच्या भाराला बनवलेला आहे, चार दिव्यांच्या एक किलोवॉटला नाही.

पावसाळ्यातला ट्रिप

कोकणातून जुलैत येणारा फोन वेगळा असतो: “सकाळी पट्टीचा हीटर लावला की अख्ख्या किचनची वीज जाते.” धातूच्या नळीच्या पट्टीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड दमट हवेतला ओलावा ओढते. चार-आठ दिवस हॉटेल बंद राहिलं की विजेची गळती वाढते आणि गळती दिसली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, आरसीसीबी, पडतो. बिघडला आरसीसीबी नाही, त्याने त्याचं काम केलं. तो काढून थेट जोडणारे मिस्त्री मला भेटलेत. ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. पट्टी काढून सुकवायची, मेगरने (इन्शुलेशन मोजायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर इन्शुलेशन बघायचं, एक मेगोहमच्या वर गेलं की परत बसवायची. नळीचं तोंड सिलिकॉनने नीट बंद असेल तर पुढच्या जुलैत फोन येत नाही. आणि हॉटेल बंद असलं तरी हीटर एक दिवसाआड तासभर चालू करा.

संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तेही इथेच बघा. पट्टीच्या हीटरला २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले की त्याची शक्ती तीन-चतुर्थांश उरते. मालक म्हणतात, ‘हीटर म्हातारा झाला.’ तो तसाच असतो, त्याला खायला कमी मिळतंय.

नवीन घ्यायचाच असेल तर

काउंटर लांब आणि ताटं एका ओळीत येत असतील तर पट्टी घ्या, बल्ब नको. बल्बखाली मधलं ताट गरम आणि कडेचं गार अशी वर्तुळं पडतात. दोन-तीन डिशचाच पिकअप किंवा बुफेवर रोस्ट कापायची जागा असेल तर साखळीवर खाली-वर होणारे बल्ब बरे. पट्टी धातूच्या नळीची मजबूत, पण तापायला दहा-पंधरा मिनिटं घेते. क्वार्ट्झची लगेच तापते, पण पाण्याला आणि धक्क्याला नाजूक. दिवसभर चालणाऱ्या ठिकाणी मी नळीचीच बसवतो. चार २५० वॉटचे दिवे म्हणजे तासाला एक युनिट. दुपारी साडेतीन ते सहा रिकामं हॉटेल आणि पेटलेले दिवे हे चित्र मला नेहमी दिसतं, म्हणून स्विच वस्तादाच्या हाताशी द्या, मेन बोर्डाच्या आत कोंडू नका.

सुरुवातीला ज्यांचा फोन सांगितला, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी गेलो. दिवे ७२ सेंटीमीटरवर होते, ते ४० वर आणले. उदबत्तीचा धूर सरळ एक्झॉस्टकडे पळत होता. एसीची जाळी वळवली आणि मागच्या दाराचं वरचं झडप उघडलं. डाळ आणि भात दिव्याखालून बेन मारीत गेले. चौथा दिवा आता कुणाच्याच डोक्यावर नव्हता, तो काढून मालकांच्या हातात दिला. म्हणाले, “मिस्त्री, हा परत दुकानात घेतील का हो?” वापरलेला बल्ब कोण घेतो. कपाटात सुटा म्हणून ठेवा म्हटलं, पण पोल्ट्रीला देऊ नका, लेपाचा आहे.